नट किती आटं गेलता?

शालन, काल एका पिकअपच्या खाली आडवा पडून मी स्टिअरिंगच्या पाइपाचा नट हातानं लावला, पाना उचलला आणि तसाच थांबलो. उजवीकडून तुझा हात यायचा होता. पिकअपवाल्याला वाटलं मिस्त्रीची कंबर धरली. त्यानं वाकून विचारलं, काही दुखतंय का. मी म्हणालो, नाही, जरा बघतोय. बघण्यासारखं तिथं काही नव्हतं. तुझा हात येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी पाना नटावर टेकवायला मन होत नव्हतं.

महिना झाला तुला जाऊन. तेरा दिवस दुकान बंद ठेवलं, आता रोज उघडतो. लोक येतात, स्टुलावर बसतात, तुझ्याबद्दल दोन शब्द चांगले बोलतात आणि उठता उठता गाडीतलं काहीतरी विचारून घेतात. मला त्याचा राग येत नाही. उद्यमनगरातल्या माणसाला नुसतं बसून दुःख करता येत नाही, हाताला काहीतरी लागतं. हाल होतात ते घरी. आपली मुक्ता रोज संध्याकाळी पुण्याहून फोन करते, जेवलात का विचारते, आणि मी ताट न घेताच जेवलो म्हणत आलो. चहाला पाणी अजून दोन कपांचंच पडतं. दुसरा कपही मग मलाच प्यावा लागतो आणि पित्त उसळतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, बरं झालं, कमी पीत जावा.

हे लिहायला बसलोय ते तुझे गुण गायला नाही. ते काम बाकीचे करताहेत, आणि तू होतीस तेव्हा त्यातल्या निम्म्यांनी तोंड उघडलं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी खोटं उत्तर दिलं होतं. खोटं आहे हे तुला तेव्हाच कळलं होतं. त्याचं खरं उत्तर द्यायचं राहिलंय. ते एका ओळीत देता येईल, पण एवढी वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट एकदम बाहेर पडत नाही. म्हणून आधी इकडचं तिकडचं बोलतो. तू ऐकून घे, तुला सवय आहे.

तू दुकानात आलीस ती जेवणाचा डबा घेऊन. आठवतंय? मागं माझा खड्डा, वर टेम्पो नाहीतर ट्रॅक्टर, आणि पुढं रस्त्याच्या अंगाला खिडकीत पाइप दाबायचं प्रेस. प्रेसवरचा कारागीर त्याच आठवड्यात न सांगता निघून गेला होता आणि बाहेर चार माणसं फुटके पाइप हातात घेऊन उभी होती. मी खड्ड्यातून त्यांना उद्या या म्हणून ओरडत होतो. तू डबा ठेवलास, चपला काढल्यास आणि त्या मशीनपुढं अशी उभी राहिलीस की जणू कुणाच्या तरी घरी पाहुणी आलीयस. मग म्हणालीस, "मला दावा. जमंल." मी हसलो. गिऱ्हाइकंही हसली.

आम्ही विसरलो होतो की तू इचलकरंजीची. यंत्रमागाच्या शेडात माग दुरुस्त करणाऱ्या जॉबर बापाच्या मागं मागं फिरत मोठी झालेली. कापडावरून नुसतं बोट फिरवून तुटका धागा सांगणारी. रबरी पाइप तू पहिल्यांदा कापलास तेव्हा आतल्या तारेच्या विणीवरून अंगठा फिरवलास आणि म्हणालीस, ही एक पदरी वीण आहे, गिऱ्हाइकाचा जुना पाइप दोन पदरी आहे. मी खड्ड्यातून वर येऊन बघितलं तर खरंच तसं होतं. महिनाभरात तू मला पाइप शिकवायला लागलीस, आणि ते मला आवडलं नाही हे आज कबूल करतो.

मोठ्यानं बोलायचीस, तीही शेडातलीच सवय. माग चालू असल्यासारखं बोलायचीस, समोरचा हातभर अंतरावर असला तरी. तू गेल्यापासून दुकान इतकं शांत झालंय की प्रेसमधलं तेल टाकीत परत जातानाचा आवाज मला ऐकू येतो. हा आवाज होतो हेच मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

आपलं पहिलं मोठं भांडण क्लिपेवरून झालं. स्टिअरिंगला दोन पाइप. एकातनं तेल रमतगमत टाकीकडं परत येतं, तिथं रबरावर क्लिप आवळली की काम भागतं. दुसरा पंपाकडून निघतो, आणि उभ्या गाडीचं चाक वळवलं की तो हाताखाली काठीसारखा ताठ होतो, एवढा आत जोर. तिथं पाइपाच्या तोंडात घुसणारं निपल, त्यावर लोखंडी टोपी, आणि प्रेसमध्ये चहूकडून दाबून ती पाइपावर बसवलेली, याशिवाय दुसरं काही चालत नाही. हे मलाही माहीत होतं. पण उसाच्या दिवसांत कारखान्यावरचा नंबर जाईल म्हणून ट्रॅक्टरवाला हातापाया पडतो, आणि आपण दोन क्लिपा लावून देतो. सगळेच देत होते. तू खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या हातातल्या क्लिपा घेतल्यास आणि त्या ट्रॅक्टरवाल्याला म्हणालीस, "दोन लावा न्हाईतर धा लावा पावणं, उडायचा त्यो उडतोय." तो शिव्या देत शेजारी गेला. मी तुझ्याशी दोन दिवस बोललो नाही. जेवण मात्र दोन्ही दिवस पोटभर जेवलो.

आणि ती नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप. ते भांडण अजून मिटलेलं नाही, ध्यानात ठेव. माझं म्हणणं, आट्यांवर दोन फेरे टेप गुंडाळली तर बिघडतं काय. तुझं म्हणणं, आटे तेल अडवायला नसतात, धरून ठेवायला असतात. तेल अडतं ते तोंडाशी, जिथं निमुळतं टोक खोबणीत बसतं नाहीतर रबरी ओरिंग दबते. मग एकदा एका जीपच्या स्टिअरिंगच्या पोटात टेपेची चिंधी सापडली, ती तू चिमट्यात धरून माझ्या चहाच्या बशीत ठेवलीस. ती टेप मी लावलेली नव्हती. आजही सांगतो, ती दुसऱ्या कुणाची तरी होती.

नखपॉलिशची बाटली मुक्ताच्या लग्नातली उरलेली. तू नखांना कधी लावलं नाहीस. टोपी दाबून झाली, वर्नियरनं मापून झाली, की त्या बाटलीतल्या ब्रशनं तू एक बारीक लाल रेघ ओढायचीस, अर्धी टोपीवर आणि अर्धी रबरावर. पाइप टोपीतून केसभर जरी सरकला तरी रेघ तुटलेली दिसणार. मी त्याला पाइपाचा शृंगार म्हणायचो आणि गिऱ्हाइकं खिदळायची. तू न हसता रेघ ओढायचीस आणि ओली असेपर्यंत पाइप कुणाला द्यायची नाहीस. तसले पाइप आजही गाड्यांखाली बघतो. काल त्या पिकअपलाच परतीच्या बाजूलाही तू टोपी दाबून दिलेला एक जुना होता. रेघ मळलेली, पण अखंड.

तर आता सांगतो.

चैत्र यात्रेच्या आदल्या आठवड्यात शाहूवाडीचे चौगले टेम्पो घेऊन आले. जोतिबाच्या दुकानदारांसाठी गुलालाची आणि खोबऱ्याची पोती भरलेली. स्टिअरिंगचा पाइप गळत होता, आणि पंपाच्या तोंडावर जो आटेवाला तुकडा बसतो, ज्याला आम्ही युनियन म्हणतो, त्याचे आटे मेले होते. तू जुना पाइप हातात घेतलास, नट मापलास, मिलिमीटरचा आहे म्हणालीस, आणि तसाच नवा पाइप केलास. मग तुझ्या नेहमीच्या पद्धतीनं विचारलंस, नवं युनियन कुठाय, तेही दाखवा. दोन्ही तोंडं हातात घेऊन एकमेकांत फिरवून बघितल्याशिवाय तू पाइप सोडत नसायचीस. मी खड्ड्यातूनच सांगितलं, आहे माझ्याकडं, तू दे पाइप.

घाई चौगल्यांना नव्हती. ते चहा पीत बसले होते. घाई मला होती, आणि तीही कसली, तर आदल्या दिवशी तू एका गिऱ्हाइकासमोर माझं काम परत उघडायला लावलं होतंस. युनियन तुझ्या हातात देणं म्हणजे तुझी परवानगी मागणं, असं मला त्या दिवशी वाटलं. माझ्या खोक्यात एक जुनं युनियन होतं. पंपात ते व्यवस्थित बसलं. बाहेरच्या तोंडाचे आटे मात्र इंची होते. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, नट त्यावर चढतोही, थोडा जातो आणि मग अडतो. मिलिमीटरचा नट मिलिमीटरच्या युनियनवर हातानं सहा-सात आटे, थेट तळापर्यंत जायला हवा. पाना फक्त शेवटी आवळायला. तू रोज घोकायचीस, "हातानं गेलं न्हाई तर ते आपलं न्हाई." माझा नट अडला. मी पाना लावला आणि त्याच्या दांड्यावर नळीचा तुकडा चढवून जोर केला. गाडी चालू करून चाक इकडं तिकडं वळवलं. टोक जेमतेम टेकलं होतं, थेंब आला नाही. चौगल्यांना म्हणालो, जावा बिनघोर.

जोतिबाच्या घाटात, भरल्या गाडीनं मोठं वळण घेताना, नट सटकला. पाइप पंपावरून उडाला, तेल इंजिनभर पसरलं, चाक दगडासारखं जड झालं. चौगल्यांनी दोन्ही हातांनी ते डोंगराच्या बाजूला ओढलं म्हणून ते आज आहेत. टेम्पो कड्याला घासून थांबला, उजवं मनगट मोडलं आणि पोती फुटून गुलाल सगळीकडं. दोन दिवसांनी टेम्पो ओढून आणला तेव्हा तो पार गुलाबी होता, तेल आणि गुलालाचा चिखल झालेला. चौगल्यांनी डाव्या हातानं पाइप तुझ्या खिडकीत टाकला आणि म्हणाले, "ह्यो बगा तुमचा पाइप. निसटला."

तू पाइप हातात घेईपर्यंत मी काय केलं माहीत आहे? मी टेम्पोखाली गेलो आणि पंपावरचं ते युनियन काढून खिशात टाकलं. तू ते बघितलंस की नाही, मला आजवर कळलेलं नाही. तू मात्र सावकाश बोळ्यानं पाइपावरचा गुलाल पुसलास, आधी एका टोकाचा, मग दुसऱ्या टोकाचा. दोन्ही टोप्यांवर लाल रेघ सरळ होती. कुठं तुटलेली नव्हती. तू रेघेकडं बघितलंस आणि मग खिडकीतून माझ्याकडं बघितलंस. तेव्हा मला एक वाक्य बोलायचं होतं. चौगल्यांचा हात गळ्यात होता, चार माणसं जमली होती, आणि मी पान्यावरचं तेल पुसत उभा राहिलो.

तू त्यांना म्हणालीस, नवा करून देते. ते म्हणाले, "नको वैनी, झालं त्येवढं बास. बाईमानसाच्या हाताची ताकत कमी पडती." प्रेसला हाताची ताकद लागत नाही, आतलं तेल दाबतं, हे मी तिथंच सांगू शकलो असतो. तेवढंही सांगितलं नाही.

लोक पांगल्यावर तू मला विचारलंस. रागानं नाही. तू इतकं हळू बोललीस की मला पुढं सरकावं लागलं.

"बसवताना नट किती आटं गेलता?"

मी म्हणालो, "पुरा गेलता."

"बरं," म्हणालीस आणि तो पाइप खिडकीच्या मागच्या खिळ्याला अडकवलास.

त्यानंतर वर्षभर गिऱ्हाइकं तुझ्या खिडकीवरून पुढं सरळ माझ्याकडं यायची, पाइप दुसरीकडून करून आणायची आणि बसवून घ्यायची. चहाच्या गाडीवर बोललं जायचं, त्या बाईच्या हातचा पाइप निसटतो. तू ते ऐकायचीस. खिडकीत बसून राहायचीस, प्रेसला तेल घालायचीस, निपलं मापाप्रमाणे डब्यांत लावायचीस. मग हळूहळू लोक परत आले, कारण तुझे पाइप टिकत होते, पण शाहूवाडीच्या बाजूचं एकही माणूस परत आलं नाही.

आणि त्याच वर्षी तुझा हात सुरू झाला. मी नट लावला की तू खिडकी सोडून यायचीस, गाडीखाली वाकायचीस, बांगड्या कोपराकडं सारायचीस आणि तो नट उलटा फिरवून पुन्हा हातानं तळापर्यंत न्यायचीस. मग म्हणायचीस, लावा पाना. प्रत्येक गाडीला. आठ वर्षं. मला वाटायचं, ही गिऱ्हाइकांसमोर माझी परीक्षा घेते. एकदा माझं डोकं फिरलं आणि मी बोललो. त्या दिवशी तीन गाड्या लागल्या होत्या, सगळ्यांच्या देखत बोललो.

"एकदा तुजा पाइप निसटलाय न्हवं? मग मला शिकवू नकोस."

शालन, ते खोटं मी गिऱ्हाइकांना सांगितलं असतं तर एक वेळ समजलं असतं. मी ते तुलाच सांगितलं. जिला खरं माहीत होतं तिला. तू आत जाऊन माठातलं पाणी प्यालीस, परत आलीस, वाकलीस आणि नट तपासलास. म्हणालीस, लावा पाना.

लोकांना हे सांगितलं तर ते म्हणतील, बाईनं नवऱ्याची लाज राखली. मला तसं वाटत नाही. तुला लाज राखायची असती तर तो पाइप भंगारात गेला असता. तू तो माझ्या नजरेसमोर आठ वर्षं टांगून ठेवलास. तू वाट बघत होतीस. मी आपणहून सांगावं, एवढंच तुला हवं होतं, आणि मी दर दिवाळीला त्या पाइपावरची धूळ झटकली आणि पुन्हा तिथंच लावला.

दवाखान्यातही वेळ होता. शेवटचे तीन दिवस तू फारसं बोलत नव्हतीस, पण शुद्धीत होतीस. सलाइनची नळी जिथं सुईला जोडतात तिथं तुझी बोटं सारखी जायची. नर्सला वाटलं तू ती उपटतेयस, म्हणून ती ओरडली. तू तिला म्हणालीस, "काढत न्हाई बाई, बसलंय का बगतोय." तिनं बघितलं तर जोड खरंच सैल होता. ती लाजली, हसली आणि मला म्हणाली, मावशी काय काम करतात? मी सांगितलं, पाइप करते. फार अभिमानानं सांगितलं. तू माझ्याकडं बघितलंस. तेव्हा वाटलं, आता सांगू. पण वाटलं, आजारी माणसाला कशाला. हे कारण मला इतकं सोयीचं पडलं की मी ते तीन दिवस पुरवलं.

गेल्या सोमवारी चौगले आले. आठ वर्षांत पहिल्यांदा. त्यांना उशिरा कळलं म्हणे. सोबत घरच्या शेतातला तांदूळ आणला होता, पाच-सहा किलोची पिशवी. टोपी काढून बसले. मनगट अजून पुरतं वळत नाही, चहाचा कप डाव्या हातानं धरतात. म्हणाले, वैनी माणूस चांगली होती, त्या एका पाइपाचं सोडलं तर कुणाला नाव ठेवायला जागा नव्हती. मी मान हलवली. बघ, तेव्हाही मी मान हलवली.

मग त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून एक पाइप काढला. दुसऱ्या टेम्पोचा, तोंडाशी चिरलेला. म्हणाले, इतकी वर्षं सांगलीला जाऊन करून घेत होतो, परवडत नाही एवढं लांब. "आता प्रेसवर तुमी सोता बसताय न्हवं, मिस्त्री? मग तुमच्याकडनंच करून घ्यायला काय हरकत न्हाई."

तू गेलीस म्हणून त्यांचा आपल्या दुकानावर विश्वास बसला होता. हे ऐकलं आणि मी उठलो, तुझ्या खिडकीमागं गेलो, खिळ्यावरचा पाइप काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. तारेच्या विणीत अजून गुलाल आहे. त्यांनी तो ओळखला. मी त्यांना लाल रेघ दाखवली, ती कशासाठी असते ते सांगितलं, ती तुटलेली नाही ते दाखवलं. मग खोक्यातून युनियन काढलं. हो, तेही मी ठेवलं होतं. टाकून देता आलं नाही. नट त्यावर फिरवून दाखवला, कुठं अडतो ते. म्हणालो, "पाइप तिचा चुकला न्हवता. युनियन माजं चुकलं. तुमचा हात माज्यामुळं मोडला."

चौगले बराच वेळ तो नट पुढं मागं फिरवत राहिले. अडला की मागं, पुन्हा पुढं. मला वाटलं आता थोबाडीत देतील, आणि दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी पाइप खाली ठेवला. तुझ्या खिडकीकडं बघितलं. म्हणाले, "मी आट वर्सं चार गावांत सांगत आलोय की वो. आता मी कुनाला जाऊन सांगू?"

त्यांनी टोपी घातली, चिरलेला पाइप पुन्हा पिशवीत घातला आणि म्हणाले, सांगलीलाच करून घेतो. ते बरोबरच होतं. दारापर्यंत गेले, मग परत फिरून तुझ्या खिडकीपाशी आले. आत तुझं स्टूल आहे, त्याखाली तुझ्या दुकानातल्या चपला अजून आहेत, मी हलवलेल्या नाहीत. त्यांनी त्या चपलांकडं बघून हात जोडले. मोडलेला हात पुरता जुळत नव्हता. तांदळाची पिशवी तिथंच राहिली.

आता उद्यमनगरात सगळ्यांना कळलंय. चहाच्या गाडीवर मी गेलो की बोलणं थांबतं. मुक्तालाही मी सांगितलं. ती म्हणाली, आईनं मला कधी सांगितलं नाही. त्यानंतर दोन दिवस तिचा फोन आला नाही. काल आला, जेवलात का विचारलं, आणि मी पहिल्यांदा खरं सांगितलं की नाही जेवलो. मग तिनं फोन चालू ठेवून मला भात लावायला लावला. चौगल्यांचा तांदूळ. तुझ्या मापानं लावला तो दोघांना पुरेल एवढा झाला.

प्रेस विकून टाका म्हणते मुक्ता. मी नाही म्हणालो. खिडकीच्या आत खडूनं लिहिलेली तुझी मापं अजून आहेत, ‘ट्रॅक्टर जाडा’, ‘टेम्पो बारका’, आणि पुढं आकडे. कळायला दोन दिवस लागले. परवा मी पहिला पाइप दाबला, वर्नियरनं मापला, नखपॉलिशच्या बाटलीचं झाकण उघडायला गेलो तर घट्ट बसलेलं. गरम पाण्यात धरून उघडलं. रेघ वाकडी आली. वाळेपर्यंत गिऱ्हाइकाला थांबवून ठेवलं, तो कुरकुरला, मी ऐकलं नाही. नट बसवताना पाना खाली ठेवला, नट उलटा काढला आणि पुन्हा हातानं तळापर्यंत नेला. उजव्या हातानं माझं काम, मग डाव्या हातानं तुझं. मध्ये थोडा वेळ थांबतो. ते थांबणं जाईल असं वाटत नाही.

तो जुना पाइप पुन्हा खिळ्याला लावलाय. युनियनही त्याच्या नटावर चढवून ठेवलंय, जिथं अडतं तिथपर्यंत, कुणीही मोजून बघावं म्हणून. आज दुकान बंद करण्याआधी मी ते सोडवलं आणि खिडकीत तुझ्या स्टुलासमोर उभा राहून पुन्हा चढवलं. मोजत चढवलं, मोठ्यानं, तुझ्यासारखं.

अडीच गेलता, शालन. हातानं दोन, आणि पान्यानं अर्धा.